रायफलीचा भरवसा: स्कोप, त्याचे माउंट आणि आतले भाग यांची निवड

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे ठाण्यात नौपाड्याचे असून गेली काही वर्षे टेक्सासमध्ये राहतात आणि तिथले ग्रीन कार्डधारक आहेत. त्यांनी ५.५६ मिलिमीटरची, १६ इंची नळीची, एआर-१५ धाटणीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली आहे. महिन्यातून एकदा १०० यार्डांच्या रेंजवर नेमबाजी करायची आणि हंगामात मित्राच्या शेतावर धुडगूस घालणाऱ्या रानडुकरांचा बंदोबस्त करायचा, एवढाच तिचा त्यांना उपयोग आहे. वय ४६, चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर, आणि खर्च करायची तयारी साधारण १,५०० डॉलरची. रेड डॉट घ्यावा की एक ते सहा पटींचा स्कोप, आणि रायफलीतले कोणते भाग बदलले म्हणजे ती कधीही दगा देणार नाही, असे त्यांनी विचारले आहे.

मी सैन्याच्या ई.एम.ई. या यंत्रे-हत्यारे दुरुस्त करणाऱ्या शाखेत आर्मरर, म्हणजे हत्यारांचा कारागीर, म्हणून २६ वर्षे काम केले. निवृत्तीनंतर वर्तकनगरला राहतो आणि परवानाधारक नेमबाजांच्या रायफलींचे स्कोप बसवून व झिरो करून, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असे जुळवून, देण्यात माझा बराचसा वेळ जातो. त्यामुळे दुकानात काय चमकते यापेक्षा हत्यार माझ्या टेबलावर कोणत्या तक्रारीसाठी येते, हे मला जास्त ठाऊक आहे. माझे उत्तर त्या अनुभवातून आलेले आहे, तसेच ते वाचावे.

कायद्याचे आधी आणि थोडक्यात सांगतो, कारण हा मजकूर इकडची मंडळीही वाचतील. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांखाली अशी सेमी-ऑटोमॅटिक रायफल सर्वसामान्य परवान्यावर मिळण्यासारखी वस्तू नाही. तेव्हा ठाण्यातल्या वाचकाने पुढचे विवेचन आपल्या पॉइंट टू-टूच्या किंवा एअर रायफलीला लागू पडेल तेवढेच घ्यावे. अमेरिकेत ग्रीन कार्डधारकाला रायफल बाळगता येते, पण एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने ती मनाई आहे आणि शिकारीचा वैध परवाना हा त्या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. तुमच्या भाच्या-पुतण्यांपैकी कोणी तसा असेल आणि रेंजवर सोबत यायचे म्हणत असेल, तर त्याने आधी तिथल्या वकिलाला विचारावे. घरात मुले असतील तर रायफल कुलपाबंद पेटीत ठेवणे ही टेक्सासात केवळ शहाणपणाची गोष्ट नाही. १७ वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले हत्यार लागेल असे ठेवणे हा तिथे गुन्हा आहे.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नात स्कोपची चार नावे आहेत, बोल्ट कॅरिअरची (नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट ज्यात बसतो आणि मागे-पुढे धावतो तो भाग) तीन आहेत, ट्रिगरची दोन आहेत, पण माउंटचा उल्लेख एकदाही नाही. माझ्याकडे 'स्कोप बिघडला' म्हणून जी हत्यारे येतात, त्यांतल्या बहुतेकांचा स्कोप ठणठणीत असतो. बिघडलेली असते ती त्याची बैठक, म्हणजे माउंट, किंवा ते आवळणारा एखादा स्क्रू. रायफलीच्या आतल्या भागांचेही तेच आहे. भाग क्वचित मोडतात, जोड सैल होतात ते मात्र वारंवार. म्हणून पैसा आणि लक्ष या दोन्ही गोष्टी आधी जोडांकडे वळवाव्यात, असा माझा आग्रह आहे, आणि पुढचे सगळे उत्तर त्या आग्रहाभोवती फिरते.

दृष्टिसाधनाची निवड मात्र डोळ्यापासून सुरू करावी लागेल. रेड डॉटमध्ये एका लहान दिव्याचा प्रकाश वक्र काचेवरून परावर्तित होऊन तुमच्या डोळ्याकडे येतो आणि लाल ठिपका लक्ष्यावरच पडला आहे असे भासते. दोन्ही डोळे उघडे ठेवून, मान थोडी इकडे-तिकडे झाली तरी नेम धरता येतो, हा त्याचा मोठा गुण. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ च्या सुमारास असे साधन बाजारात आणले आणि १९९७ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांचे एक मॉडेल स्वीकारले, तेव्हापासून या साधनाच्या टिकाऊपणाबद्दल शंका घेण्याचे कारण उरलेले नाही. एमपॉइंटच्या प्रो या मॉडेलची बॅटरी एकदा घातली की सुमारे ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून अधिक, सतत चालू ठेवून टिकते. निव्वळ यंत्र म्हणून पाहिले तर यापेक्षा भरवशाचे काही सांगणे कठीण आहे.

पण तुमच्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर आहे, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे. अशा डोळ्याला तो गोल ठिपका स्वल्पविरामासारखा, कधी द्राक्षाच्या घोसासारखा, तर कधी दोन तुकड्यांत फुटलेला दिसतो, आणि माणूस दुकानदाराशी भांडत बसतो की माल खराब आहे. याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. तुमच्या रेंजवर कोणाकडेही रेड डॉट असेल. त्यांना विचारून, रायफल रिकामी असल्याची खातरजमा करून, त्या काचेमागे मोबाइलचा कॅमेरा धरा आणि ठिपक्याचा फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आणि तुमच्या डोळ्याला फुटका असेल, तर दोष डोळ्याचा आहे. चष्मा घालून आणि काढून, दोन्ही प्रकारे पाहा. चष्म्याने ठिपका आवरून गोल होत असेल, तर रेड डॉटचा रस्ता तुम्हाला मोकळा आहे. होत नसेल, तर कितीही महागडा रेड डॉट घेतला तरी तोच त्रास राहणार.

अशा डोळ्यासाठी दुसरा मार्ग म्हणजे काचेवर कोरलेली रेषा-खूण असलेले साधन, कारण तिथे तुम्ही आयपीस, म्हणजे डोळ्याकडची काच, फिरवून ती खूण आपल्या डोळ्यासाठी स्पष्ट करून घेऊ शकता. यात प्रिझमचे साधे, ठरावीक पटीचे साइट येतात आणि एक ते सहासारखे बदलत्या पटीचे स्कोपही येतात. ट्रिजिकॉनचा चार पटींचा एकॉग हा प्रिझमच्या जातीतला नावाजलेला आणि खरोखरच दणकट स्कोप आहे, परंतु त्याच्या प्रसिद्ध मॉडेलला डोळा काचेपासून जेमतेम दीड इंचावर ठेवावा लागतो. चष्मेवाल्याला ते जाचक होते. भिंग आयपीसला घासते, मान आखडते आणि दहाव्या गोळीनंतर माणूस नकळत डोके मागे घेतो. एक ते सहाच्या स्कोपात हे अंतर साडेतीन-चार इंचांचे असते, म्हणून तुमच्यासाठी माझा कल तिकडे आहे.

एक ते सहा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात आणि बाकीची जाहिरात बाजूला ठेवावी. पहिली, एक पटीवर तो खरोखर एक पटीसारखा दिसतो का. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिल्यावर दाराची चौकट स्कोपच्या आत आणि बाहेर एकाच आकाराची आणि सलग दिसली पाहिजे. दुसरी, मधल्या खुणेचा दिवा टेक्सासच्या भर दुपारच्या उन्हात उठून दिसतो का. स्वस्त स्कोपांचा दिवा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली झकास आणि उन्हात आंधळा असतो. तिसरी गोष्ट खुणेच्या जागेची: खूण पुढच्या फोकल प्लेनवर (स्कोपच्या आत प्रतिमा जिथे उमटते अशा दोन जागांपैकी पुढची) असेल तर पट वाढवताना तीही मोठी होते, मागच्या प्लेनवर असेल तर तेवढीच राहते. पुढच्या प्लेनवर खुणेची मापे प्रत्येक पटीवर खरी ठरतात हे कागदावर फार आकर्षक आहे, पण एक पटीवर तीच खूण कोळ्याच्या धाग्यासारखी बारीक होते. १५० यार्डांपलीकडे तुम्ही जाणार नसाल, तर मागच्या प्लेनवरचा, ठळक खुणेचा साधा स्कोप घ्या. एक ते आठ किंवा एक ते दहाच्या मोहात पडू नका. २४ मिलिमीटरच्या काचेतून सहा पटींवर डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत चार मिलिमीटरचा असतो, दहा पटींवर तो अडीचच्याही खाली जातो, आणि रानडुकरे तर संधिप्रकाशातच बाहेर पडतात.

मोठी पट म्हणजे अचूकता, हा समज आपल्याकडेही फार आहे. ठाण्याच्याच रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले, तो खेळ मोठे करून दाखवणारे भिंग नसलेल्या पीप साइटवर, म्हणजे बारीक छिद्रातून पाहून, चालतो आणि त्यातल्या दहाच्या वर्तुळाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पट तुम्हाला लक्ष्य ओळखायला मदत करते. गोळी तिथे नेण्याचे काम खांदा, श्वास आणि बोट यांचे आहे.

चष्म्याबद्दल आणखी एक. तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल, तर नेमबाजीसाठी फक्त दूरच्या नंबरचा, पॉलिकार्बोनेट काचेचा वेगळा चष्मा करून घ्या. बटावर गाल टेकला की आपण काचेच्या मधल्या भागातून न पाहता वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो, आणि प्रोग्रेसिव्ह काचेचा तो कोपरा प्रतिमा ओढतो. स्कोपचा आयपीस फिरवून खूण स्पष्ट करण्याचे काम रायफलीवर बसवण्याआधीच उरकावे. मी ते सकाळी गच्चीवर, येऊरच्या डोंगरामागच्या मोकळ्या आभाळाकडे स्कोप धरून करतो. दोन सेकंद पाहायचे, डोळा काढायचा, किंचित फिरवायचे, पुन्हा दोन सेकंद पाहायचे. टक लावून पाहत राहिले तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीची जागाही बरोबर वाटू लागते.

आता माउंट. गेल्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीतला एक कॉलेजचा मुलगा स्प्रिंगची एअर रायफल घेऊन रेंजवर आला होता. त्याचे म्हणणे असे की स्कोप झिरो धरतच नाही. नेम सरकवायचा नॉब उजवीकडे आठ क्लिक, म्हणजे आठ खाचा, फिरवला की दोन फैरी बरोबर, तिसरी डावीकडे. क्लिक फिरवून फिरवून त्याने नॉब एका टोकाला नेऊन टेकवला होता. मी पाना घेऊन मागच्या रिंगच्या स्क्रूला लावला, तर तो नुसत्या चिमटीच्या जोराने पाव फेरा फिरला. रिंगखाली स्कोपच्या नळीवर घासल्याची चकचकीत रेघ उमटलेली होती, म्हणजे फैरींच्या धक्क्याने स्कोप किंचित सरकत होता आणि हा बिचारा त्याचा पाठलाग करत होता. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो, त्यामुळे तिच्यावर साधा स्कोप आणि साधी रिंग टिकत नाही, हे इकडच्या वाचकांसाठी जाता जाता. पण सैल स्क्रूचा किस्सा एआर-१५ ला अक्षरशः तसाच लागू आहे.

तुमच्या रायफलीवर माउंट बसवायची वरची पट्टी पिकाटिनी या प्रमाणित मापाची असणार. तिच्या खाचा १०.०१ मिलिमीटरच्या अंतराने ५.२३ मिलिमीटर रुंद असतात. तिच्यावर दोन सुट्या रिंगा लावण्याऐवजी पुढे झुकलेले एकसंध माउंट घ्या, म्हणजे डोळ्याचे अंतर जुळवताना पुढची रिंग हँडगार्डवर जाणार नाही. एक पाय रिसीव्हरवर (रायफलीच्या मुख्य धडावर) आणि एक हँडगार्डवर (नळीभोवतीच्या हात धरायच्या आवरणावर), अशी जोडणी कधीही करू नये. हँडगार्ड स्लिंगच्या ओढीने आणि नळीच्या उष्णतेने हलतो आणि प्रत्येक वेळी स्कोपही वाकवतो. बसवताना माउंट खाचेत ठेवून आधी नळीच्या दिशेने पुढे दाबावे, खाचेच्या कडेला टेकवावे, आणि मगच आवळावे, नाहीतर पहिल्या पाच-सात फैरींत ते स्वतःच पुढे जाऊन टेकते आणि तुम्ही केलेला झिरो वाया जातो. आवळण्यासाठी टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दाखवणारा स्क्रूड्रायव्हर घ्याच. ५०-६० डॉलरचे हे अवजार आहे. बहुतेक उत्पादक खालच्या पकडीसाठी साधारण ६५ इंच-पाउंड आणि रिंगच्या टोप्यांसाठी १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, पण तुमच्या माउंटच्या कागदावर जो आकडा असेल तोच पाळावा. रिंगच्या स्क्रूला लॉकटाइट, म्हणजे स्क्रू पक्का करणारा चिकट द्रव, लावायचा मोह टाळा. ओल्या स्क्रूवर तोच आकडा प्रत्यक्षात जास्त दाब देतो आणि स्कोपची पातळ नळी चेपते.

आवळून झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर एक रंगाची रेघ ओढावी. मी घरातली लाल नेलपॉलिश वापरतो, आणि ती कुठे गेली यावरून घरात बोलणीही खातो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे, हे पाना न लावता कळते.

माउंटची उंची ठरवताना मान सरळ राहील तेवढी उंची घ्यावी. नेहमीच्या उंचीच्या माउंटवर स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून सुमारे अडीच इंचांहून थोडा वर येतो, आणि याचा एक परिणाम पुष्कळांना माहीत नसतो: सात यार्डांवर तुम्ही जिथे खूण धरता त्याच्या दोन-सव्वादोन इंच खाली गोळी लागते. झिरोसाठी तुमच्या वापराला ५० यार्ड योग्य आहेत. तिथे जुळवलेली ५.५६ ची गोळी १०० यार्डांवर साधारण दीड-दोन इंच वर लागते आणि २०० च्या आसपास पुन्हा नेमाच्या रेषेत येते, म्हणजे डुकराच्या छातीएवढ्या लक्ष्यासाठी मध्ये काही गणित करावे लागत नाही. जुळवताना एका फैरीवर नॉब फिरवू नये. एकाच नेमावर पाच फैरींचा ग्रुप घ्यावा, त्याचा मध्य काढावा आणि मग सुधारणा करावी. ०.१ मिलच्या (मिल हे कोनाचे माप) एका क्लिकने १०० यार्डांवर सुमारे नऊ मिलिमीटर, ५० वर साडेचार मिलिमीटर सरकते. शेवटी १०० आणि शक्य असल्यास २०० वर प्रत्यक्ष गोळी झाडून पाहावी.

स्कोप घेतलात तर लोखंडी साइट, म्हणजे काचेशिवायच्या साध्या माशी-खाचेच्या, वेगळ्या लावायची गरज मला वाटत नाही, कारण बॅटरी गेली तरी कोरलेली खूण दिसतच राहते. रेड डॉट घेतलात तर मात्र दुमडत्या साइट ठेवाव्यात.

आतल्या भागांकडे येतो. सैन्यात मी सुरुवात केली ती इशापूरला बनणाऱ्या ७.६२ च्या एस.एल.आर.वर. अशा रायफलीत गोळीमागचा थोडा गॅस बोल्ट मागे ढकलून पुढचे काडतूस आत घेतो, आणि तो गॅस कमी-जास्त करायला तिला रेग्युलेटर होता. रिकाम्या मॅगझिनमध्ये एकेक काडतूस भरून झाडायचे, ब्रीच, म्हणजे बोल्ट, मागे अडकेनासा होईपर्यंत गॅस कमी करायचा, मग पुन्हा अडकू लागेपर्यंत वाढवायचा आणि वर दोन क्लिक जास्त द्यायचे. म्हणजे धूळ, थंडी, घाण यांसाठी थोडी ताकद हाताशी राहते. हत्याराला गरजेपुरता आणि वर थोडा गॅस हवा, ही गोष्ट त्या रायफलीने बोटांना शिकवली. तुमच्या एआर-१५ ला असा नॉब नाही. तिच्या नळीतले गॅस घेणारे छिद्र कारखान्यात ठरते, आणि पुष्कळ कारखाने कमजोर काडतूसही चालावे म्हणून ते जरा मोठेच पाडतात. तेव्हा बंदूक 'चालते' खरी, पण बोल्ट गरजेपेक्षा जोरात मागे येतो, एक्स्ट्रॅक्टरवर (रिकामे टरफल ओढून काढणाऱ्या आकड्यावर) ताण पडतो आणि खांद्याला जास्त धक्का बसतो.

म्हणून १६ इंची नळीला मिड-लेंग्थ गॅस प्रणाली असणे चांगले. तिच्यात ते छिद्र चेंबरपासून (काडतूस बसते त्या जागेपासून) कार्बाइन-लेंग्थपेक्षा थोडे दूर असल्याने दाब उतरलेला असतो. तुमची कार्बाइन-लेंग्थ असेल तर लगेच नळी बदलण्याचे कारण नाही. काडतुसांची रिकामी टरफले कुठे पडतात ते पाहा. घड्याळाचा काटा कल्पून, पुढे १२ धरले, तर तीन-चारच्या दिशेला पडणारी टरफले समाधानकारक आहेत. एक-दीडच्या दिशेला पुढे उडत असतील तर गॅस बहुधा जास्त आहे. तेव्हा बटाच्या नळीतला साधा तीन औंसांचा बफर, म्हणजे कॅरिअरचा मागचा धक्का झेलणारे वजन, काढून ३.८ औंसांचा एच, किंवा त्याहून थोडा जड एच-टू घालून पाहावा. वीस-तीस डॉलरमध्ये होणारी ही दुरुस्ती आहे. बदलल्यावर प्रत्येक मॅगझिनमध्ये एकेक काडतूस घालून झाडा. बोल्ट प्रत्येक वेळी मागे अडकलाच पाहिजे.

बोल्ट कॅरिअर नवा घेण्याआधी आहे तो हातात घेऊन निरखा. त्याच्या पाठीवर गॅस आत घेणारी एक आखूड नळी, म्हणजे गॅस की, दोन स्क्रूंनी बसवलेली असते. त्या दोन स्क्रूंच्या कडेला पंच मारून धातू आत दाबलेला असावा, स्क्रूच्या डोक्यात रुतलेला असावा. नुसता ओरखडा काढल्यासारखी खूण पुरेशी नाही. ती नीट दाबलेली नसेल तर उष्णतेने स्क्रू ढिले होतात, गॅस बाजूने निसटतो, बोल्ट पुरता मागे येत नाही आणि माणूस मॅगझिनला शिव्या देतो. बटाची नळी रिसीव्हरला धरून ठेवणारा कॅसल नट असतो, त्यालाही अशीच पंचाची खूण हवी. हे दोन्ही जोड जिथल्या तिथे असतील, बोल्ट कारपेंटर १५८ पोलादाचा आणि चुंबकीय तपासणी झालेला असेल, तर दीडशे डॉलरचा चमकदार मुलामा दिलेला कॅरिअर तुम्हाला काहीही जास्त देणार नाही. त्याऐवजी एक्स्ट्रॅक्टरची सुटी स्प्रिंग आणि गॅस रिंगांचा एक संच डबीत घालून ठेवा.

नळीबद्दल थोडक्यात. चेंबर ५.५६ चे असेल तर त्यात .२२३ रेमिंग्टन चालते, उलट .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ झाडू नये, कारण पुढचा घसा आखूड असल्याने दाब वाढतो. नळीवर काय कोरले आहे ते दुकानदाराला न विचारता स्वतः वाचा. पिळाचे माप १:७ किंवा १:८ (सात किंवा आठ इंचांत एक फेरा) असेल तर ५५ पासून ७७ ग्रेनपर्यंतची गोळी स्थिर जाते. आतून क्रोमचा मुलामा की नायट्राइडची प्रक्रिया, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. महिन्याला शंभर-दीडशे गोळ्या झाडणाऱ्याने त्यात झोप घालवू नये.

ट्रिगर पहिले वर्षभर बदलू नका. मूळचा जरा जड आणि खरखरीत असतो हे खरे, पण तो साधा आहे, दणकट आहे, आणि हजारभर फैरींत आपोआप गुळगुळीत होतो. पुढे बदललात तर चांगला दोन टप्प्यांचा घ्या, साडेचार पाउंडांच्या आसपासचा. त्याहून हलका ट्रिगर शेतावर, थंडीत, हातमोजे घालून वापरायच्या रायफलीला शोभत नाही.

आता ज्याला आम्ही पलटणीत 'रोक' म्हणत असू, म्हणजे रायफल चालता चालता अडणे, त्याचे सर्वांत सामान्य कारण: मॅगझिन. वरचे ओठ किंचित फाकले की काडतूस तिरके वर येते. चांगल्या कंपनीची सहा-सात मॅगझिन घ्या आणि प्रत्येकाच्या तळाला ठळक अंक घाला. रोक आली की वहीत तारीख, मॅगझिनचा अंक आणि काडतुसाची जात लिहा. एकच अंक तीनदा आला तर ते मॅगझिन फेकून द्या. त्यात भावनिक होण्यासारखे काही नाही. तेल कॅरिअरच्या चार घसटींना, कॅम पिनला आणि बोल्टच्या रिंगांना लावावे आणि सढळ हाताने लावावे. धूळ चिकटेल या भीतीने हत्यार कोरडे ठेवणारेही माझ्याकडे बरेच येतात.

पैशांची विभागणी मी अशी करेन. स्कोपला ५०० ते ६००, माउंटला १५० ते २००, टॉर्क स्क्रूड्रायव्हर ६०, मॅगझिन १००, दुबंदी स्लिंग (दोन ठिकाणी अडकवायचा खांद्याचा पट्टा) ५०, आणि उरलेले सगळे काडतुसांना. पहिल्या ५०० फैरींत झिरो आणि तेल सोडून कशालाही हात लावू नका, फक्त वहीत लिहीत जा. शेवटच्या २०० फैरी एकही रोक न येता गेल्या, तर त्या रायफलीला आणखी भागांची गरज नाही. आल्या, तर वही सांगेल कोणता भाग बदलायचा.

स्कोपची बॅटरी, बहुधा नाण्यासारखी सी.आर. २०३२, ठरलेल्या दिवशी बदलावी. आमच्या वर्कशॉपमध्ये दसऱ्याला अवजारे पुसून, हळदकुंकू लावून पूजा होत असे. मी अजूनही त्याच दिवशी घरातल्या पान्यांना फूल वाहतो, ओळखीच्या सगळ्या स्कोपांच्या बॅटऱ्या बदलतो आणि स्क्रूंवरच्या लाल रेघा तपासतो. ठाण्याच्या पावसाळ्यात आणखी एक काम वाढते, ते म्हणजे दुर्बिणींच्या काचांना धरणारी बुरशी. त्यासाठी डब्यात सिलिका जेल ठेवावे लागते. आत नायट्रोजन भरलेल्या स्कोपाला तुमच्याकडच्या कोरड्या हवेत हा त्रास होणार नाही, पण काच पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवावी, शर्टाच्या टोकाने थेट घासू नये, हे तिकडेही तितकेच खरे.

खरेदीला निघण्यापूर्वी मला दोन फोटो पाठवा: एक रेंजवरच्या रेड डॉटचा, मोबाइलने काढलेला, आणि सोबत तुमच्या डोळ्याला तो कसा दिसला याचे कागदावरचे चित्र, दुसरा रायफल रिकामी करून, कॅरिअर बाहेर काढून, गॅस कीच्या दोन स्क्रूंचा, जवळून आणि चांगल्या उजेडात काढलेला. पहिल्यावरून स्कोप की रेड डॉट हे ठरेल, आणि दुसऱ्यावरून कॅरिअरचे दीडशे डॉलर वाचतात की नाही ते.